इन्सुलिनची सुई देताना ४० की १००, हे कसं पक्कं करावं?

नवा_फार्मासिस्ट: आमच्या मेडिकलमध्ये ४० आययूच्या (एका मिलीत ४० युनिट इन्सुलिन) बाटल्या आणि १०० आययूची (एका मिलीत १०० युनिट) इन्सुलिन पेनमध्ये बसणारी कार्ट्रिज, दोन्ही खपतात. बरेच जण चिठ्ठी न आणता नुसतं "इन्सुलिनची सुई द्या" म्हणतात. कोणती द्यायची?

काउंटरमागून: आधी बाटली मागा, निदान तिचा फोटो. "बाटली म्हणजे ४०" असं धरून चालू नका. ग्लार्जिनसारख्या काही इन्सुलिनची बाटलीही १०० ची येते. लेबलवर "४० आययू/मिली" की "१०० आययू/मिली" ते वाचा आणि तोच आकडा सिरिंजच्या नळीवर आहे ना, ते पाहा. टोपी लाल असेल तर ४० ची, केशरी असेल तर १०० ची. पण घरी टोप्यांची अदलाबदल होते, म्हणून छापलेलंच खरं.

चूक झाली तर काय होतं बघा. ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर ते ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. उलट १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं की ०.५ मिली, म्हणजे तब्बल ५० युनिट! शुगर एकदम लो.

वॉर्ड_फार्मसी: यातला पहिला प्रकार जास्त फसवा. शुगर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत नेतात. मग एखाद्या महिन्यात दुसऱ्या दुकानातून बरोबर सिरिंज मिळते आणि तो वाढीव डोस पुरता अंगात जातो. त्यामुळे सिरिंज बदलून देताना "आतापर्यंत कोणती वापरत होता?" हे विचाराच. आधीची चुकीची निघाली तर त्यांना परस्पर पाठवू नका, डॉक्टरांना फोन लावा.

पेन बिघडलं की काही जण कार्ट्रिजमध्ये सुई खुपसून औषध काढतात. तेही बहुतेकदा १०० चं असतं, आणि हातात सापडते ती ४० ची सिरिंज.

नवा_फार्मासिस्ट: गर्दीच्या वेळी एवढं समजावणार कसं?

काउंटरमागून: समजावू नका, करून दाखवायला सांगा. "सकाळी किती घेता? त्या रेघेवर नख ठेवा." अर्ध्या मिनिटात कळतं. ४० च्या सिरिंजवर एक रेघ एक युनिटची, १०० च्या एक मिलीच्या सिरिंजवर मात्र बहुतेकदा दोनची. रेघा मोजणारे आजोबा इथेच चुकतात.

वॉर्ड_फार्मसी: चिठ्ठीवरही लक्ष ठेवा. आकड्याला चिकटून लिहिलेला इंग्रजी "यू" शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. पुड्यावर "युनिट" असं पूर्ण लिहून द्या. आणि दोन्ही सिरिंज एकाच खणात ठेवत असाल, तर आजच वेगळ्या करा.