'लोक मला पुरुष समजतात' : इथे 'समजणे' चालेल का?

खाडीकाठ, ठाणे
ट्रान्स पुरुष (जन्माला आल्यावर मुलगी म्हणून नोंद झालेले पुरुष) आणि त्यांच्या घरच्यांसाठी आम्ही काही जण एक मराठी पुस्तिका तयार करतो आहोत. मूळ मजकूर इंग्रजी. त्यात एक जण सांगतो, की दाढी आल्यापासून दुकानात, गाडीत, रस्त्यावर त्याच्याकडे पुरुष म्हणूनच बघितलं जातं. मी लिहिलं, "आता लोक मला पुरुष समजतात." मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी खाली रेघ मारली. त्यांचं म्हणणं, 'समजतात' म्हटलं की 'पण तो आहे मात्र वेगळाच' हे आपोआप मागून येतं. 'मी त्याला शहाणा समजत होतो' म्हणजे तो शहाणा निघाला नाही. 'ओळखतात' केलं तर ख्याती असल्यासारखं वाटतं, 'त्यांना कवी म्हणून ओळखतात' तसं. 'मानतात'मध्ये मेहरबानी येते. 'धरतात' बरं वाटतं, पण उघडंबोडकं. पुस्तिका छापायला जायची आहे. काय करू?

जुनीबखर
'गणतात' घ्या. जुना, भारदस्त शब्द आहे, त्यात संशयाचा वास नाही.

वाशीची मेघा
'गणतात' आज बोलतं कोण? कोपरखैरण्याच्या भाजीवाल्याला कळलं पाहिजे. क्रियापद टाळा ना. "आता कुणाला शंका येत नाही."

कळवा नाका
मी स्वतः ट्रान्स पुरुष. कळव्यात वाढलो, नोकरी नवी मुंबईत. 'शंका' नको. शंका आली की मी काही लपवतोय असं होतं. कुणी 'पुरुष म्हणून खपून जातो' सुचवायच्या आधीच सांगतो, तेही नको. खोटं नाणं खपतं.

माझ्या बाबतीत जे झालं ते एका क्रियापदात बसत नाही, कारण ते माणसागणिक बदलतं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, सुरू केल्यावर काही महिन्यांनी आवाज फुटला, मग मिसरूड फुटलं. बरोबरीच्या मुलांची लग्नं ठरत होती त्या वयात! त्यामुळे ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे मला कॉलेजातला पोरगा धरत. फोनवर 'सर', आणि कार्डावरचं जुनं नाव बघितलं की 'मॅडम'.

ठाण्याला फलाटावर बायकांच्या डब्यासमोर उभं राहायची पायांना सवय होती. एकदा एक काकू म्हणाल्या, "दादा, लेडीज आहे." त्यांचं बरोबरच होतं, पुरुषानं त्या डब्यात शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम १६२ प्रमाणे गुन्हा आहे. 'दादा' ऐकून आनंद झाला. आणि भाजी निवडत बोलणाऱ्या बायकांमध्ये मी वाढलो, तो डबा कायमचा सुटला. रात्री गल्लीत पुढे चालणारी मुलगी मागे बघते आणि पाय उचलते. ती मला काय समजते? धोका. मी आता रस्ता ओलांडून पलीकडून चालतो. टपरीवर पुरुष माझ्यासमोर बायकांविषयी बिनधास्त काहीही बोलतात. गप्प राहिलो तर त्यांच्यातला, हटकलं तर 'बायल्या'. 'समजतात'पेक्षा 'पुरुष' या शब्दाचाच घोळ मोठा आहे.

जुनीबखर
अनुभव मनापासून वाचला. शब्दाबद्दल मात्र बोलायला हवं. 'ट्रान्स पुरुष' ही अर्धी इंग्रजी खिचडी पुस्तिकेत नको. 'ट्रान्सजेंडर'साठी 'पारलिंगी' रुळतो आहे, त्यावरून 'पारपुरुष' करता येईल.

वाशीची मेघा
मोठ्यानं म्हणून बघा. 'परपुरुष' ऐकू येतं. कुणाच्या आईनं शेजारणीला सांगायचं, "आमचा मुलगा पारपुरुष आहे"?

जुनीबखर
एका कान्याचा फरक आहे. सवयीनं कळेल. 'महापौर', 'दिनांक' हेही एकेकाळी कानाला टोचलेच होते.

कळवा नाका
मी स्वतःला ट्रान्स पुरुष म्हणतो, माझे मित्रही तेच म्हणतात. घरी नुसता 'पुरुष' पुरतो. आमच्यासाठी शब्द घडवायचा तर आमच्या तोंडात बसला पाहिजे.

कोर्ट नाका
सरकारी मराठीत सरसकट 'तृतीयपंथी' आहे. माझ्या भावाचं ओळखपत्र काढताना सगळीकडे तोच शब्द. अर्ज ऑनलाइन, मग जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र, अशी सोय ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९च्या कायद्यानं आणि २०२०च्या नियमांनी केली. त्या कायद्याच्या मूळ इंग्रजी व्याख्येत ट्रान्स पुरुषाचा वेगळा उल्लेख होता, पण मराठीत आल्यावर सगळे एका पंथात. पंथ म्हटला की गुरू, चेले, घराणं आलं. हिजडा समाजाला तशी परंपरा आहे आणि ती मानाची आहे. माझ्या भावाला कुठला गुरू? नातेवाईक 'तृतीयपंथी' ऐकतात आणि विचारतात, "म्हणजे साडी नेसणार?" जन्मभर ज्या साडीला तो नाही म्हणत आला तीच! सर्वोच्च न्यायालयानं २०१४च्या एप्रिलमध्ये सांगितलं होतं, की स्वतःला पुरुष, स्त्री की तृतीय लिंगी म्हणायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मराठी शब्दानं ती निवड पुसून टाकली.

मालवणचो पाव्हणो (मुक्काम ऐरोली)
'पुरुष' हा पुस्तकी शब्द. कोकणात आणि देशावरही 'बाप्या', 'बाप्यामाणूस' आहे. गावाकडे 'गडी'. कळवा नाका, तुम्हाला यातलं काय जवळचं?

कळवा नाका
'गडी' म्हटलं की शहरात घरकामाचा नोकर होतो, गावात छाती काढून चालणारा. दोन्ही मी नाही. 'बाप्या' आवडला. त्यात दंड थोपटायला लागत नाहीत.

शब्दवेल्हाळ
'पुरुष'ला इतकं पुस्तकी ठरवू नका. विहिरीला 'दोन पुरुष पाणी' म्हणतात तिथे तो उंचीचं माप आहे. व्याकरणात 'मी' प्रथमपुरुष, मग बोलणारी बाई का असेना. भांडण खरं तर पुढच्या प्रत्ययाशी आहे : पुरुषत्व, पौरुष, पुरुषीपणा, मर्दानगी. पुस्तिकेत कोणता घेतलात?

खाडीकाठ
'पुरुषत्व'. पण मराठीत ते डॉक्टरी आणि बाजारू जाहिरातींनी बळकावलंय. गाडीच्या खिडकीवर चिकटवलेल्या कागदांवरचा शब्द.

जुनीबखर
'पौरुष' घ्या. 'मर्द' तर फारशी.

शब्दवेल्हाळ
फारशी 'मर्द' आणि संस्कृत 'मर्त्य' एकाच मुळाचे, म्हणजे मरणारा, माणूस. शौर्य नंतर चिकटलं.

कळवा नाका
'पौरुष' म्हटलं की पराक्रम करून दाखवावा लागतो. मला तेच नकोय. डोळ्यांत पाणी आलं तर मामा म्हणतो, "आता पुरुष झालास ना, मग रडतोस काय?" त्याचे सख्खे मुलगे रडले तर त्यांचं पुरुष असणं कुणी काढून घेत नाही. मला दर वेळी परीक्षा. मी 'पुरुषपण' म्हणतो. बालपण, मोठेपण तसं पुरुषपण. ते असतं, सिद्ध करावं लागत नाही.

वाशीची मेघा
'पुरुषपण' उत्तम! खाडीकाठ, हेच घ्या.

जुनीबखर
तत्सम शब्दाला 'पण' लावायचं तर 'मित्रपण'ही म्हणाल. मला रुचत नाही.

पंचगंगा (हल्ली नेरुळ)
'देवपण', 'कविपण' चालतं की. मला वेगळंच विचारायचंय. मराठीत 'मी जातो, मी जाते' म्हटल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. घरी सांगायच्या आधी तुम्ही कसं बोलत होता? आमच्या कोल्हापूरकडं पोरी सर्रास 'मी येतो, मी करतो' म्हणतात, तिकडं कुणी वळूनही बघत नाही.

मालवणचो पाव्हणो
मालवणीत 'मी जातंय', बाई असो की बाप्या.

कळवा नाका
तुमच्या कोल्हापुरात जन्मायला हवं होतं. मी वर्षानुवर्षं वाक्यं चुकवत बोललो. 'मी जाते'ऐवजी 'मला जायचंय', 'मी येईन', 'माझं जेवण झालं'. घरच्यांना वाटायचं पोर तुटक बोलते. पहिल्यांदा 'मी निघतो' म्हटलं ते आईसमोर, स्वयंपाकघरात. ती म्हणाली, "नीघ, पण डबा घेऊन नीघ रे." ती मला लहानपणापासून 'अरे'च म्हणायची, लाडानं. तेव्हा तो शब्द फार लागायचा, आता त्याला अर्थ आला.

जुनीबखर
मुलीला 'अरे' म्हणणं हे हिंदीचं अतिक्रमण आहे. मराठीत 'अगं'च.

पंचगंगा
हिंदीचा काय संबंध? माझी पणजी कागलच्या बाहेर गेली नव्हती. नातींना 'ये रे माझ्या सोन्या' म्हणायची. लाडात मराठी माणूस लिंग बघत नाही.

खाडीकाठ
'पुरुषपण' घेतलं. क्रियापदाचं अजून अडलंय, छापखान्यातून फोन येतोय. 'लोक मला पुरुष म्हणूनच बघतात' कसं वाटतं?

वाशीची मेघा
'म्हणूनच' काढा. आणि ते 'ये रे सोन्या' फक्त कोल्हापूरचं नाही हं, आमच्या पनवेललाही आहे.

जुनीबखर
पनवेलला कधीपासून?