'वॉर फोटोग्राफर' कवितेतला नैतिक पेच सेमिनारमध्ये कसा मांडावा?

शिरपूरकर_एमए
नमस्कार मंडळी. एम.ए. इंग्रजीच्या सेमिनारला ब्रिटिश कवयित्री कॅरोल अ‍ॅन डफी यांची 'वॉर फोटोग्राफर' घेतली आहे. युद्धावरून इंग्लंडला परतलेला छायाचित्रकार डार्करूममध्ये (फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत) आपले फोटो काढतोय, अशी ती कविता. वीस मिनिटं बोलायचंय. वर्गात बहुतेक मुलं धुळे-नंदुरबारकडची, मराठी माध्यमातली, म्हणून आधी मराठीत समजावून मग इंग्रजी ओळींकडे जाणार आहे. गाईडमध्ये युद्धाची भीषणता, वाचकांची उदासीनता आणि छायाचित्रकाराचं एकटेपण असे तीन मुद्दे दिलेत. पण पेच नेमका कुठल्या ओळीत आहे? मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांना डार्करूम कशी समजावू? आणि शेवटी विमानातून तो छायाचित्रकार कुठला देश बघतोय?

तापीकाठ
ताई, ते तीन मुद्दे चूक नाहीत, पण कुठल्याही युद्धकवितेला ते चिकटतील. या कवितेचा गाभा तिसऱ्या कडव्यात आहे. निदान आठ मिनिटं तिथे द्या.

एक माणूस मरतोय, त्याची बायको आक्रोश करतेय, आणि हा तिच्याकडे फोटोची परवानगी मागतो, तीही शब्दांविना. तिने दिली का? कविता सांगत नाही. मागितली, एवढंच कळतं. नवरा डोळ्यांदेखत जात असताना त्या बाईची मान हलली असली, तरी तिला संमती म्हणायचं का, हा प्रश्न वर्गापुढे ठेवा. मग पुढचं समर्थन बघा: हे काम 'कुणीतरी' करायलाच हवं. 'मी' नव्हे, 'कुणीतरी'. माणूस स्वतःची जबाबदारी अशीच जराशी बाजूला सारतो. आणि कडवं त्या समर्थनावर संपत नाही, परक्या मातीत मुरलेल्या रक्तावर संपतं.

आता रचना. चार कडवी, प्रत्येकी सहा ओळी, यमक अ ब ब क ड ड. म्हणजे पहिली आणि चौथी ओळ यमकाविना राहते. तिसऱ्या कडव्यात त्या चौथ्या ओळीच्या टोकाला 'अप्रूव्हल' आहे. संमतीला जोडीदार ओळच नाही. हे जरूर दाखवा, पण सगळा डोलारा त्यावर उभारू नका.

आपल्याकडे बहिणाबाईंच्या ओवीमुळे अक्षरं मोजायची सवय असते. इथे आघात (उच्चारताना जोर येतो ती अक्षरं) मोजायचे, ओळीला साधारण पाच. पहिल्या कडव्यात बेलफास्ट, बैरूत, नॉम पेन्ह ही तीन शहरं पूर्णविराम देऊन येतात; वाचताना तिथे थांबाच. लगेच पुढे बायबलच्या यशयाच्या 40व्या अध्यायातलं, देह म्हणजे गवत, हे वचन येतं. लाल दिव्याची खोली म्हणजे चर्च, हा म्हणजे पाद्री, ही तुलना त्याच्या दोनच ओळी आधी झालेली असते. पाद्री वाचवत नाही, मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणतो. हा धागा थेट तिसऱ्या कडव्यापर्यंत न्या.

हायपो_जळगाव
डार्करूमबाबत नोट्समध्ये हमखास घोळ असतो: 'लाल दिव्यात तो फिल्म डेव्हलप करतो.' असं होत नाही. नेहमीची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म लाल उजेडही पकडते, म्हणून ती पूर्ण अंधारात रिळावर चढवून बंद टाकीत डेव्हलप करतात. लाल दिवा चालतो प्रिंटच्या कागदाला, कारण तो लाल उजेडाला जवळपास आंधळा असतो. ट्रेमध्ये चेहरा उमटतोय म्हणजे प्रिंट निघतेय. फिल्म आधीच धुऊन झाली आहे आणि शंभरातून हाच निगेटिव्ह त्याने एन्लार्जरला (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राला) लावला आहे. संपादकाच्या आधी एक निवड त्याचीही झाली, हा मुद्दा तुमच्या कामाचा आहे.

क्रम असा. एन्लार्जरखाली कागदावर काही सेकंद उजेड पाडायचा. कागद कोराच दिसतो. मग डेव्हलपरच्या (चित्र उमटवणाऱ्या द्रावणाच्या) ट्रेमध्ये. पंधरा-वीस सेकंदांत आधी गडद भाग येतात: केस, डोळ्यांच्या खोबण्या, उघडं तोंड. कातडीचे फिकट टोन सगळ्यात शेवटी. कवितेतलं अर्धवट भूत ते हेच. ट्रे सतत हलवत असतात, त्यामुळे वरचं पाणी हिंदकळतं आणि चेहरा पिळवटतोय असं खरंच दिसतं. आरसी (प्लॅस्टिकचा थर असलेल्या) कागदाला सुमारे दीड मिनिट, फायबरला (साध्या, थर नसलेल्या कागदाला) दोन ते तीन. नंतर अर्धा मिनिट स्टॉप बाथ (पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड), मग हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण). हायपो चुकवला तर कागदात उरलेली चांदीची संयुगं उजेडात काळवंडतात आणि चित्र जातं.

वर्गात दाखवायचं असेल तर द्रावण 20 अंशांवर हवं. जळगावात मे महिन्यात नळाचं पाणीच 30च्या वर असतं. चित्र धावत येतं, पांढरा भाग राखाडी पडतो. बाहेरच्या मोठ्या ट्रेमध्ये बर्फाचं पाणी ठेवा, डेव्हलपरमध्ये बर्फ टाकू नका, तो पातळ होतो. लाल दिवा कागदापासून चार फूट लांब. खिडकी नसली तरी हवा खेळती हवी, हातमोजे हवेत.

शिरपूरकर_एमए
दोघांचे खूप आभार. उदाहरणाला व्हिएतनामच्या फोटोतली भाजून धावणारी मुलगी घेऊ की सुदानच्या फोटोतलं, उपाशी मुलामागे बसलेलं गिधाड?

धुळे_वाचनकट्टा
व्हिएतनाम घ्या, कारण दुसऱ्या कडव्यातली धावणारी मुलं बहुतेक अभ्यासक त्याच फोटोशी जोडतात. 8 जून 1972, त्रांग बांग गाव, नापाम (आगलावा बॉम्ब). मात्र श्रेय सांभाळून लिहा: असोसिएटेड प्रेस ते निक उट यांनाच देते, पण 2025मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोने ते श्रेय स्थगित केलंय. सुदानचा 1993चा फोटो टाळा. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याभोवती इतक्या रचलेल्या गोष्टी फिरतात की निम्मा वेळ त्या खोडण्यात जाईल.

त्यापेक्षा ढाका घ्या. डिसेंबर 1971मध्ये बांगलादेश युद्धातल्या विजयानंतर सभेच्या मैदानात बंदिवानांना संगिनींनी मारलं गेलं. काही छायाचित्रकार निघून गेले. आपण थांबलो तर हे कॅमेऱ्यासाठीच होईल, अशी भीती होती. होर्स्ट फास आणि मिशेल लॉराँ थांबले, त्यांना 1972चं पुलित्झर मिळालं. थांबणं बरोबर की जाणं, यावर वर्ग आपोआप बोलता होईल. फक्त फरक स्पष्ट करा: ढाक्यात प्रश्न कॅमेऱ्यामुळे हत्या होते का हा, कवितेत संमतीचा.

विमानाबद्दल: मी इंग्लंडच म्हणेन. तो पुन्हा कामावर निघालाय आणि खाली मागे पडतोय तो देश, जिथून त्याचा पगार येतो.

तापीकाठ
युद्धभूमी असंही वाचतात, कमाई तिथल्या फोटोंची म्हणून. पण इंग्लंडलाच माझाही कौल. लगेच आधी रविवारची पुरवणी, अंघोळ आणि जेवणाआधीची बिअर यांच्या मध्ये डोळ्यांत आलेलं पाणी आहे. शेवटच्या ओळीत ज्यांना फिकीर नाही असे 'ते' म्हणजे हेच वाचक. वाचक अगदीच कोरडे नाहीत हे मात्र सांगा, रडतात ते. गाईडची 'उदासीनता' इथे ढिली पडते. डफींची डॉन मॅकलिन आणि फिलिप जोन्स ग्रिफिथ्स या युद्धछायाचित्रकारांशी मैत्री होती, तेही एका वाक्यात येऊ द्या. परीक्षकांनी विमानावरून अडवलं तर दोन्ही वाचनं सांगा आणि चौथ्या कडव्याच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीवर बोट ठेवून आपलं निवडा.