मान आखडली नाही तरीही
कुणीतरी लिहिलंय की मान आखडली नाही म्हणजे मेंदूज्वर नाही, तर तान्ह्या बाळांत असं अजिबात धरून चालू नका. गोव्यात डिचोलीला माझ्या बहिणीचं बाळ 19 दिवसांचं होतं, ताप जेमतेम 100.6, मान एकदम मऊ, पण दूध ओढेना आणि न्हाऊ घालताना एरवी घर डोक्यावर घेणारं पोर हूं की चूं करेना, आजी म्हणाली दृष्ट लागली (मीठ-मिरच्या ओवाळूनही झाल्या!). टाळू फुगलेली मलाच हाताला लागली. रात्रीच बांबोळीला सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं, तपासायला पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं म्हटल्यावर घरचे टरकले, पण त्याशिवाय पक्कं कळत नाही हो. त्यात ई. कोलाय नावाचा जंतू निघाला, 21 दिवस शिरेतून अँटिबायोटिक. आणि नंतरची कानांची टेस्ट चुकवू नका, यात ऐकू येणं जाऊ शकतं.