थंडीच्या लाटेत काटोलच्या शेततळ्यात मासे मेले, पण त्याच आठवड्यात सातपाटीला बोंबील भरपूर : असे का?

शेततळेकरी, काटोल (जि. नागपूर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले शेततळे आहे. त्यात रोहू आणि कटला आहेत. मागच्या पावसाळ्यात बीज पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या आग्रहावरून पंगस माशाची बोटुकलीही (बोटाएवढी पिल्ले) सोडली होती. तळे भरले की दहा फूट पाणी असते, पण गव्हाला आणि मृग बहाराच्या संत्र्याला देता देता ते आता जेमतेम साडेतीन फुटांवर आले आहे. गेल्या आठवड्यात सलग तीन रात्री पारा ८ अंशांच्या खाली गेला आणि चौथ्या दिवशी सकाळी पंगस पोट वर करून काठाला लागलेले दिसले. रोहू-कटला जिवंत आहेत, मात्र ढेप आणि कोंड्याच्या टांगलेल्या पिशव्या संध्याकाळी काढल्या तरी भरलेल्याच असतात. ऑक्सिजन संपला असे व्यापाऱ्याचे म्हणणे आहे.

माझी सासुरवाडी पालघर जिल्ह्यातल्या समुद्रकिनारी असलेल्या सातपाटीची. मेहुणे फोनवर म्हणाले की गारठा तिकडेही आहे, पण डोल जाळ्यात बोंबील उत्तम मिळतो आहे. थंडी दोन्हीकडे असताना तिथले मासे तगतात आणि इथले मरतात, याचे कारण काय? पुढची लाट येण्याआधी मी काय करावे?

तेलंगखेडीचा माजी विद्यार्थी

दादा, नुकसान झाले याचे वाईट वाटले. मी नागपुरातल्या तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकलो आहे, त्या आधारावर लिहितो.

ऑक्सिजनचे कारण मला पटत नाही. पाणी जितके गार, तितका त्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम मावतो, तर १५ अंशांच्या पाण्यात सुमारे दहा. ऑक्सिजन कमी पडला की मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. थंडीने गारठलेला मासा तसे करत नाही. तो एका कुशीवर कलतो, कल्ले सावकाश हलवतो आणि हात लावला तरी दूर जात नाही. आपण यातले काय पाहिले ते आठवून पाहा.

माशाच्या शरीराचे तापमान पाण्याप्रमाणे बदलते. पाणी गार झाले की पचन मंदावते, भूक मरते आणि रोगाशी झुंजण्याची ताकदही घटते. रोहू, कटला आणि मृगळ २५ ते ३२ अंशांत चांगले वाढतात. त्याहून बऱ्याच गार पाण्यात ते खाणे जवळपास सोडतात, पण जगतात. पंगस हा मूळचा मेकाँग नदीच्या उबदार खोऱ्यातला मासा आहे, त्याला आपला डिसेंबर-जानेवारी झेपत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. ज्या जिल्ह्यात असे होऊ शकते, तिथे पंगस दिवाळीच्या सुमारासच विकून मोकळे व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा घात मात्र उथळपणाने केला. दहा फूट पाणी तापायलाही वेळ घेते आणि निवायलाही. साडेतीन फूट पाणी तीन रात्रींत तळापर्यंत गार होते आणि माशाला सरकायला खोल जागाच उरत नाही.

आता उपाय सांगतो. पाण्याची पातळी निदान सहा फुटांवर न्या. विहिरीचे पाणी पहाटे कोमट असते, त्यावर वाफ दिसते, म्हणून ते त्याच वेळी सोडा. मात्र त्यात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे पाइप उंच धरून पाणी पसरून पडेल असे करा. खाद्य अगदी थोडे ठेवा आणि दुपारी ऊन पडल्यावर द्या. न खाल्लेली ढेप तळाशी कुजून पाणी बिघडवते, आणि व्यापाऱ्याला वाटते ती ऑक्सिजनची टंचाई तेव्हा खरोखरच येऊ शकते. गारठ्यात जाळे फिरवू नका, कारण खवले निघालेल्या जागी बुरशी धरते. अंगावर लाल व्रण दिसले तर महाविद्यालयात नमुना दाखवून चुन्याची मात्रा ठरवून घ्या.

मूळचा वसईचा, आता नागपूरकर

समुद्राविषयी मी सांगतो. आमच्या किनाऱ्याला जानेवारीतही समुद्राचे पाणी साधारण २५ अंशांच्या आसपास असते. हवेतला गारठा दोन-चार रात्रींचा आणि समुद्र अफाट, त्यामुळे लाटेचा परिणाम वरवरचाच राहतो. शिवाय दिवसातून दोनदा भरती नवे पाणी आणते. खाडीतल्या उथळ चिखलावर ओहोटीच्या पहाटे पाणी थोडे निवते, तेव्हा मासा खोल पात्रात उतरतो आणि भरतीबरोबर परततो. डोल जाळे एका जागी बांधलेले असते आणि पाण्याच्या ओढीवर मासा त्यात शिरतो, म्हणून तिथे थंडीपेक्षा उधाण (मोठी भरती-ओहोटी) आहे की भांग (लहान भरती-ओहोटी), याला जास्त महत्त्व आहे.

लहान होड्यांना जाणवतो तो पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. पण तोच कोरडा वारा बोंबील सुकवायला हवा असतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूंमध्ये ताणलेल्या दोरीवर टाकतात. लहानपणी मी आजीला हे करताना पाहत असे. बोटे सोलवटलेली असायची, तरी तिचा वेग कमी व्हायचा नाही.

कन्हान काठचा

वसईकर दादांच्या म्हणण्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. समुद्र सुरक्षित असतो तो खोली आणि भरती-ओहोटीमुळे. ती जिथे नाहीत, तिथे किनाऱ्यालगतचे मासेही आपल्या शेततळ्यासारखेच मरतात. अमेरिकेत टेक्ससच्या किनाऱ्याला लागुना माद्रे नावाचे लांबलचक, उथळ खारे पाणी आहे. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत त्या राज्याच्या किनाऱ्यावर सुमारे ३८ लाख मासे मेल्याचा सरकारी अंदाज होता, आणि त्याचा मोठा वाटा याच पाण्यातला होता. तिथे गारठलेले मासे खोल खाचांत गोळा होतात आणि सहज हाती लागतात, म्हणून थंडी ओसरेपर्यंत अशा जागी मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकार राज्याकडे आहे.

ही गोष्ट मला इथे फार महत्त्वाची वाटते. आमच्या नदीतही थंडीत मासा डोहात जमतो आणि सुस्तावतो. मग एकेका फेकजाळ्यात पावसाळ्यात अंडी देणारी मोठी मादीही निघते. आमच्या गावातल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली जुनी माणसे कडाक्याच्या दिवसांत डोहावर जाळे टाकत नसत. ती शिस्त मोडताना पाहून जीव तुटतो.

शेततळेकरी, काटोल

सर्वांचे मनापासून आभार. मेलेले पंगस कुशीवरच कलले होते, तोंड उघडझाप करताना एकही दिसला नव्हता. काल पहाटे चार वाजता विहिरीची मोटर लावली, पाइप कठड्याला बांधून पाणी वरून सोडले आणि पातळी एका फुटाने चढली. संत्र्याच्या पाण्याची पाळी चार दिवस पुढे ढकलली आहे. आज दुपारी दोन वाजता मूठभर कोंडा टाकून पाहिला, तेव्हा पाणी ज्या कोपऱ्यात पडते तिथे रोहूंची थोडी हालचाल दिसली. उरलेले पंगस ऊन चढल्यावर काढून विकणार आहे.