आवाजाच्या लिंकखाली क्रेडिट किती द्यायचं?

पाणकावळा:
पक्ष्यांच्या आवाजांचं एक पान केलंय. ४२ आवाज, सगळे झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावरून घेतलेले. प्ले बटण आणि पुढे पक्ष्याचं नाव, एवढंच दिसावं अशी इच्छा होती. पण क्रेडिट द्यायला बसले आणि प्रत्येक बटणाखाली तीन ओळी झाल्या. फोनवर एका वेळी जेमतेम दोन पक्षी दिसतात. आईला दयाळ ऐकायचा होता, तर तिचं बोट तीनदा लायसन्सच्या लिंकवरच पडलं.

मग सगळी क्रेडिट्स वेगळ्या पानावर नेली आणि त्या पानाची लिंक अगदी तळाशी दिली. आठवड्याभरात एका रेकॉर्डिस्टची मेल आली, माझं नाव दिसत नाही म्हणून. फार वाईट वाटलं. पहाटे ओल्या गवतात माइक धरून बसलेला माणूस, आणि त्याचं नाव मी अडगळीत टाकलं. काय करू?

टिचकी:
नाव टूलटिपमध्ये टाका ना. बटणावर कर्सर नेला की दिसेल.

जुना ध्वनिवाला:
टूलटिप नको. फोनवर कर्सरच नसतो, म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना नाव कधीच दिसणार नाही.

पाणकावळा, लायसन्स तुम्हाला वाटतंय तितकं आडमुठं नाही. या रेकॉर्डिंगना क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे नाव देऊन दुसऱ्याचं काम वापरू देणारं लायसन्स असतं; त्याच्या ४.० आवृत्तीत (२०१३) स्पष्ट म्हटलंय की माध्यम आणि संदर्भ बघून वाजवी पद्धतीने क्रेडिट द्या. सगळी माहिती असलेल्या पानाची लिंक दिली तरी चालू शकतं. ३.० पर्यंत शीर्षक दिलेलं असेल तर तेही लिहावं लागायचं, ४.० मध्ये ती अट नाही. म्हणून आधी प्रत्येक रेकॉर्डिंगची आवृत्ती बघा.

माझ्या मते नाव मात्र बटणाजवळच हवं. नावाने पान गच्च होत नाही, लायसन्सच्या लांबलचक पत्त्याने होतं. एकच ओळ ठेवा: रेकॉर्डिस्टचं नाव, मग लायसन्सचं छोटं नाव, जसं 'बाय-एनसी-एसए ४.०' (नाव द्या, व्यापारी वापर नको, बदललं तर त्याच लायसन्सखाली द्या). नावाला त्या रेकॉर्डिंगच्या पानाची लिंक, लायसन्सच्या अक्षरांना लायसन्सची. अक्षर बारीक असू दे, पण फिकट राखाडी नको. आणि ही ओळ बटणापासून बोटभर लांब ठेवा, म्हणजे आईचा प्रश्नही सुटेल.

फाइल स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर एमपीथ्रीच्या आयडी३ टॅगमध्येही (फाइलच्या आतच माहिती लिहायची जागा) नाव भरा. कोणी फाइल उतरवून पुढे पाठवली की तुमचं पान मागे राहतं, टॅग बरोबर जातो. त्यात डब्ल्यूसीओपी हा रकाना कॉपीराइटच्या वेबपत्त्यासाठीच आहे.

एक विचारतो, आवाजांवर काही काम केलंत का? केलं असेल तर तसं लिहावं लागतं. आणि लायसन्समध्ये एनडी (बदल करून वाटायला मनाई) असेल तर बदललेली फाइल परवानगीशिवाय टाकू नका.

पाणकावळा:
केलंय की! बऱ्याच फाइलींमधला वाऱ्याचा आवाज काढला होता, त्यात चार एनडी निघाल्या.

आज दिवसभर हेच केलं. आता प्रत्येक पक्ष्याखाली एकच ओळ आहे आणि जिथे बदल केला तिथे 'वारा कमी केला' हे तीन शब्द. फोनवर सहा पक्षी मावतात. मेल आलेल्या रेकॉर्डिस्टना पान पाठवलं, माफीही मागितली. त्या चार फाइली काढून मूळच्या लावल्या. तांबटाच्या मागे वारा घोंघावतोय, पण टुक-टुक स्पष्ट येतं.