नाशिकला छोट्या थिएटरात नाटक बघायचंय

मंडळी, नमस्कार.
डिसेंबरात परदेशातून दहा दिवस नाशिकला येतोय. कालिदास कलामंदिरात नाटक दर वेळी होतंच. या खेपेला शंभरेक माणसांच्या छोट्या जागेतलं प्रायोगिक नाटक बघायचंय. बाबांचे गुडघे दुखतात, लेक सात वर्षांची आहे. काय काय विचारून ठेवू?

---

ताई, जागेच्या आधी तारीख धरा. अशा ठिकाणी रोज खेळ नसतो. शनिवार-रविवारी एखादा प्रयोग, मधल्या दिवसांत तालमी नाहीतर वाचन. ‘देशदूत’, ‘गावकरी’ चाळा, पण छोट्या संस्थांची खबर व्हॉट्सॲपवरच आधी फिरते. पोस्टरवर फोन नंबर असतो, त्यावर नावं सांगायची आणि पैसे यूपीआयने भरायचे. तुमचं परदेशी कार्ड तिथे चालेल असं धरू नका. घरच्यांनाच भरायला सांगा. ‘देणगी प्रवेशिका’ लिहिलं असलं तरी ते तिकीटच. फुकट समजून जाऊ नका.

फोनवर तीनच प्रश्न विचारा: खुर्च्या आहेत की भारतीय बैठक? जिने किती, कठडा आहे का? मध्यंतर आहे का? बऱ्याच दीर्घांकांना (एकाच मोठ्या अंकाच्या नाटकांना) मध्यंतर नसतं, सव्वा-दीड तास सलग बसावं लागतं. बाबांसाठी कडेची खुर्ची आधीच सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाही. फार कडेलाही नको, तिथून विंगेतला माणूस आणि दिव्याचा स्टँडच दिसतो. जमीन सपाट असेल तर दुसऱ्या रांगेपासून पुढच्यांची डोकी आड येतात. म्हणून लेकीला पहिल्या रांगेत बसवा.

वेळेचं मात्र कडक असतं. पुष्कळ ठिकाणी आत यायचा दरवाजा रंगमंचाच्या कडेलाच उघडतो. उशिरा आलेला माणूस थेट नाटकात शिरतो, म्हणून तिसरी घंटा झाली की दार बंद. वीस मिनिटं आधी पोचा. गाडी गल्लीत लावायला जागा नसते, रिक्षाने गेलेलं बरं.

---

एक भर घालतो. मोबाइल सायलेंटवर पुरत नाही, बंदच करा. अंधार झाला की नट जमिनीवर चिकटवलेल्या रेडियमच्या टिकल्या बघून जागा घेतो. चार हातांवरून स्क्रीन उजळला की त्याचे अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात, पाऊल चुकतं. तो धडपडला तर पहिल्या रांगेच्या मांडीवरच येईल!

आणि तारखा जुळल्या तर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरीही बघा, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात असते. सार्वजनिक वाचनालयाच्या (स्थापना १८४०) परशुराम साईखेडकर नाट्यगृहात चौकशी करा. तो हॉल तुम्ही म्हणता तेवढा छोटा नाही, पण तिकीट नाममात्र असतं आणि हौशी संघांची धडपड जवळून दिसते. काही नाटकं रटाळ निघतात, तेही सांगून ठेवतो.

---

दोघांचेही आभार. लेकीला आत्याकडे ठेवायचं ठरतंय. पंखे-एसीचं कसं असतं? शाल घ्यावी का?

---

लेकीचं नाटकाचा विषय विचारून मग ठरवा, बालनाट्यंही लागतात. पंखे आवाजासाठी प्रयोग सुरू झाला की बंद करतात, दिव्यांची धग असते, आत उकडेल. शाल बाहेरसाठी घ्या. खेळ सुटून साडेनऊला गंगापूर रोडवर रिक्षा शोधताना बाबांना लागेल.