ग्नॉस्टिक म्हणजे 'ज्ञेयवादी' का?

एका लेखाचं भाषांतर करतेय, त्यात सारखा ग्नॉस्टिक शब्द येतोय. अग्नॉस्टिकला अज्ञेयवादी म्हणतात, मग नुसता अ काढून ज्ञेयवादी चालेल का? मला पटत नाहीये. आणि हे लोक बायबल उलटं वाचायचे म्हणजे नक्की काय करायचे?

प्रतिसाद १
ज्ञेयवादी नको प्लीज. ग्नॉस्टिक म्हणजे जुने, दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती पंथ, आणि अग्नॉस्टिक हा शब्द हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६९ मधे त्यांच्याच नावापुढे अ लावून बनवला, त्यामुळे आज अ काढला की हक्सलीचा अर्थ (देव आहे की नाही हे कळू शकतं का, हा) मागे उरतो, यांचा नाही. ग्रीक ग्नोसिस आणि आपलं ज्ञान एकाच धातूतले, पण यांचं ज्ञान म्हणजे माहिती नव्हे, ओळख. एखाद्याबद्दल माहिती असणं वेगळं आणि त्याची ओळख पटणं वेगळं, तसं.

त्यांचं वाचनही याच शब्दावर उभं आहे. बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात देव ज्ञानाच्या झाडाचं फळ खाऊ नका म्हणतो ना, तिथे हे विचारतात की ज्ञान नाकारणारा हा कसला देव? 'आदामा, तू कुठे आहेस?' म्हणतो म्हणजे त्याला ठाऊक नव्हतं! बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकातलं 'माझ्याशिवाय दुसरा देव नाही' हे वाक्य ते जग घडवणाऱ्या याल्दाबाओथच्या तोंडी घालतात आणि त्याला अडाण्याची बढाई म्हणतात, खरा देव त्याच्याही पलीकडे. मग फळ खायला सांगणारा साप कोण? गुरू. इजिप्तमधे नाग हम्मादीला १९४५ साली ज्या १३ पोथ्या सापडल्या त्यात त्याला सरळ 'शिकवणारा' म्हटलंय. पोथ्या कॉप्टिक या इजिप्तच्या जुन्या भाषेत आहेत पण अरामीत साप, हव्वा (आदामाची बायको) आणि 'सांगणं, शिकवणं' हे तिन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखे, म्हणून अभ्यासक म्हणतात मूळचा श्लेष तिथला असणार. मला हे फार आवडतं, एका श्लेषावर अख्खी गोष्ट फिरते.

प्रतिसाद २
वरच्यांचं बरोबर, पण सगळेच उलटं वाचत नव्हते, हे लेखात येऊ द्या. टॉलेमीने फ्लोराला लिहिलेलं पत्र बघा (राजा नव्हे, व्हॅलेंटिनस या ग्नॉस्टिक गुरूच्या परंपरेतला शिक्षक). तो म्हणतो नियमशास्त्रात (बायबलची पहिली पाच पुस्तकं) तीन थर आहेत, देवाचा, मोशेचा आणि वडीलधाऱ्यांचा, आणि नियम देणारा देव दुष्ट नाही, न्यायी आहे, फक्त सर्वोच्च नाही. त्याच परंपरेतल्या हेराक्लिओनने तर योहानाच्या शुभवर्तमानावर भाष्य लिहिलं, आपल्याला माहीत असलेलं सगळ्यात जुनं, ओरिजेन या चर्चच्या विद्वानाने खोडून काढायला उतारे दिले म्हणून थोडं उरलंय. त्यात विहिरीवरच्या शोमरोनी बाईला येशू 'नवऱ्याला बोलाव' म्हणतो तो नवरा म्हणजे तिचा वरच्या लोकातला जोडीदार. ग्नॉस्टिकांचा विरोधक बिशप इरेनेयस १८० च्या सुमारास चिडून लिहितो की राजाच्या चित्रातले खडे काढून यांनी कोल्हा जुळवला आणि म्हणतात हाच राजा.

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार दोघांचे! ज्ञानमार्गी केलं तर?

प्रतिसाद १
नको ताई, वाचकाला लगेच ज्ञानेश्वरी आठवेल, आणि जग घडवणारा देवच अज्ञानी ही कल्पना त्यात कुठे बसत नाही. ग्नॉस्टिकच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'ओळख पटवणाऱ्या ज्ञानाला मोक्ष मानणारे' असं एक वाक्य घाला.